अमेरिकेत डॉक्टर व्हायचे असेल तर कॉलेजची पहिली दोन वर्षे कशी वापरावीत

महाराष्ट्रात डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी बारावीनंतर ‘नीट’ देतो, १८० प्रश्नांच्या आणि ७२० गुणांच्या त्या एका परीक्षेवर त्याचा प्रवेश ठरतो, आणि साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची इंटर्नशिप संपवून तो एमबीबीएस होतो. अमेरिकेतील रचना मुळातच निराळी आहे. तेथे वैद्यकीय शिक्षण हे सर्वसाधारणपणे पदवीनंतरचे शिक्षण आहे: आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचे मेडिकल स्कूल, आणि त्यानंतर विषयानुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये वाढलेली नात कॉलेजात गेली की पुण्याचे आजी-आजोबा आनंदाने विचारतात, ‘मेडिकलला लागली ना?’ प्रत्यक्षात ती ‘प्री-मेड’ झालेली असते. प्री-मेड म्हणजे पदवी नव्हे, प्रवेश नव्हे आणि बहुतेक कॉलेजांत स्वतंत्र शाखाही नव्हे. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करण्याचा इरादा आणि त्यासाठी लागणारे ठरावीक विषय, एवढाच त्याचा अर्थ. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा किंवा मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेतील सहा वर्षांचा जोडकार्यक्रम, असे हायस्कूलमधूनच थेट डॉक्टरकीपर्यंत नेणारे मोजके मार्ग आहेत, पण बहुसंख्य विद्यार्थी त्यांतून जात नाहीत.

ही पद्धत पूर्वीपासून नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्च महिन्यात एम.डी. (तेथील डॉक्टरकीची मूळ पदवी) झाल्या, तेव्हा त्यांना आधीची पदवी कोणी मागितली नव्हती. १८९३ साली बाल्टिमोरमध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने पदवीची अट घातली, आणि १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी लिहिलेल्या अहवालात तीच शाळा आदर्श म्हणून पुढे ठेवली. त्यानंतरच्या काळात अनेक दुबळी मेडिकल कॉलेजे बंद पडली आणि ‘आधी मूलभूत विज्ञान, मग वैद्यक’ हा क्रम देशभर रुजला. आज अठराव्या वर्षी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याचा परिणाम असा होतो की त्याची निवड एका दिवसाच्या परीक्षेवर न होता अनेक वर्षांच्या नोंदींवर होते, आणि त्या नोंदींची सुरुवात पहिल्या सत्रातील पहिल्या चाचणीपासून होते.

पहिली दोन वर्षे इतकी महत्त्वाची का, हे वेळापत्रक उलट्या दिशेने वाचल्याशिवाय समजत नाही. समजा, एखादी मुलगी २०२६ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात गेली आणि मध्ये खंड न पाडता २०३० च्या ऑगस्टमध्ये तिला मेडिकल स्कूल सुरू करायचे आहे. एम.डी. देणाऱ्या बहुतेक शाळांसाठीचा सामाईक अर्ज, ज्याला ‘एएमकॅस’ म्हणतात, तो मेडिकल स्कूल सुरू होण्याच्या सव्वा वर्ष आधी, म्हणजे २०२९ च्या मे महिन्यात उघडेल, आणि मेअखेरीपासून तो पाठवता येईल. बऱ्याच शाळा अर्ज येतील तसतसे वाचत आणि मुलाखतींना बोलावत जात असल्यामुळे उशीर महागात पडतो. अर्जाला ‘एमकॅट’ या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात, म्हणून ती परीक्षा २०२९ च्या वसंतापर्यंत आटोपलेली बरी. एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्रीवर मोठा भर असल्याने तो विषय २०२८ च्या शेवटापर्यंत व्हायला हवा. बायोकेमिस्ट्रीच्या आधी बहुतेक ठिकाणी दोन सत्रांची ऑरगॅनिक केमिस्ट्री असते आणि तिच्याआधी दोन सत्रांची जनरल केमिस्ट्री. ही पाच सत्रांची साखळी आहे आणि तिची पहिली कडी कॉलेजच्या पहिल्याच सत्रात बसते. ती सहा महिने किंवा वर्षभर उशिरा सुरू झाली म्हणून काही बिघडत नाही, मात्र तेव्हा पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करावा लागतो. त्या थांबण्याला तेथे ‘गॅप इयर’ म्हणतात, आणि आज मेडिकल स्कूलमध्ये दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी असे एक किंवा अधिक वर्षे थांबून आलेले असतात. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेले’ या शब्दांत जो कमीपणा आहे, तो या व्यवस्थेत नाही, हे पालकांनी मनापासून समजून घेतले तर घरातील बराच ताण हलका होईल.

रसायनशास्त्राच्या या साखळीबरोबर बहुतेक शाळा प्रयोगांसह वर्षभराचे जीवशास्त्र, वर्षभराचे भौतिकशास्त्र, इंग्रजी किंवा लेखनप्रधान विषय आणि काही गणित, विशेषतः संख्याशास्त्र, यांची अपेक्षा ठेवतात. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र प्रत्येक शाळा मागत नाही, पण एमकॅटचा एक चतुर्थांश भाग त्यांवर आहे. प्रत्येक शाळेची यादी थोडी वेगळी असते. आणखी एक बारकावा नेहमी निसटतो: हायस्कूलमधील ‘एपी’ या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांच्या जोरावर कॉलेज एखादा विषय माफ करते, पण काही मेडिकल स्कूल ती माफी मान्य करत नाहीत आणि त्याच विषयातील वरच्या पातळीचा अभ्यासक्रम मागतात. म्हणून माफी स्वीकारण्यापूर्वी कॉलेजातील प्री-हेल्थ ॲडव्हायझरला, म्हणजे डॉक्टरकीकडे जाणाऱ्यांच्या मार्गदर्शकाला, विचारावे आणि आपल्या राज्यातील दोन-चार शाळांच्या अटी स्वतः वाचाव्यात.

आता जीपीएकडे येऊ, कारण खरे नुकसान येथे होते आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ‘ए’ला ४, ‘बी’ला ३ अशा श्रेणींची क्रेडिटच्या (विषयाच्या तासांवर ठरणाऱ्या एककाच्या) वजनाने काढलेली सरासरी म्हणजे जीपीए. समजा, पहिल्या वर्षी ३० क्रेडिटमध्ये ३.० जीपीए पडला. विद्यार्थी सावरला आणि पुढच्या दोन्ही वर्षांत त्याने ६० क्रेडिटमध्ये एकही ‘ए’ सोडला नाही, तरी अर्ज करताना त्याची सरासरी ३.६७ च्या आसपास राहते. अलीकडच्या वर्षांत एम.डी. शाळांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए सुमारे ३.८ आणि एमकॅटचा गुणांक (कमाल ५२८ पैकी) सुमारे ५१२ आहे. दरवर्षी ५० हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि साधारण २३ हजार जणांना जागा मिळते. सरासरी म्हणजे उंबरठा नव्हे. तिच्याखालचेही अनेक जण आत जातात, आणि चढत गेलेला आलेख निवड समित्या आस्थेने पाहतात. परंतु पहिल्या वर्षाचे ओझे पुसले जात नाही, ते फक्त पातळ होत जाते, आणि ते पातळ व्हायला वर्षे लागतात.

या हिशोबाचे आणखी काही नियम सुरुवातीलाच माहीत असायला हवेत. एएमकॅस प्रत्येकाचा जीपीए स्वतःच्या पद्धतीने नव्याने मोजते आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिक व गणित या विषयांचा वेगळा आकडाही काढते. एखादा विषय पुन्हा घेतला आणि कॉलेजने जुनी श्रेणी काढून टाकली, तरी एएमकॅस दोन्ही श्रेणी धरते. हायस्कूलमध्ये असताना स्थानिक कम्युनिटी कॉलेजात घेतलेल्या विषयांच्या श्रेणीही त्यात येतात. सत्राच्या मध्यापर्यंत विषय हाताबाहेर गेला असेल, तर ठरलेल्या मुदतीत त्यातून बाहेर पडल्याची ‘डब्ल्यू’ ही नोंद ‘डी’ किंवा ‘एफ’पेक्षा कितीतरी कमी हानिकारक असते. अशी एखादी नोंद कोणी मनावर घेत नाही, मात्र त्यांची रांग लागली तर प्रश्न विचारले जातात.

म्हणूनच पहिल्या सत्रात जड विषयांची गर्दी करू नये, असे माझे ठाम मत आहे. जनरल केमिस्ट्री आणि तिचे प्रयोग, गणित किंवा संख्याशास्त्र, एक लेखनाचा विषय आणि एक निव्वळ आवडीचा विषय, एवढे पुरेसे आहे; जीवशास्त्र दुसऱ्या सत्रात किंवा दुसऱ्या वर्षी आले तरी चालते. हायस्कूलभर पहिल्या पाचात राहिलेल्या मुलांना केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्ममध्ये आयुष्यात प्रथमच ‘सी’ दिसतो, आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ती काय करतात यावर बरेच अवलंबून असते. काही जण तास वाढवतात, पण पद्धत तीच ठेवतात: पुस्तक पुन्हा वाचायचे, ओळी रंगवायच्या, सोडवलेली उदाहरणे पाहून ‘समजले’ म्हणायचे. उत्तर समोर नसताना कोऱ्या कागदावर गणित सुटते का, ही खरी कसोटी आहे. तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन प्राध्यापकांच्या ‘ऑफिस अवर्स’ना जावे, चूक संकल्पनेची होती की हिशोबाची की वेळेची हे त्यांच्यासमोर उलगडावे. बऱ्याच कॉलेजांत ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ची सत्रे असतात, ज्यांत तोच विषय आदल्या वर्षी उत्तम रीतीने पूर्ण केलेला विद्यार्थी इतरांकडून उदाहरणे सोडवून घेतो. ही पद्धत १९७३ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सुरू झाली, आणि ती मुळात कच्च्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे तर अवघड विषयांसाठी आखलेली आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानून घरी एकट्याने झुरणारी हुशार मुले पाहिली की वाईट वाटते.

मुख्य विषय, म्हणजे ‘मेजर’, कोणताही चालतो. निम्म्याहून अधिक विद्यार्थी जीवशास्त्राशी संबंधित मेजर घेऊन येतात, पण इतिहास, संगीत किंवा गणित घेऊन आलेल्यांनाही, आवश्यक विज्ञान विषय चांगले झाले असतील तर, दार बंद नसते. ज्या विषयात मन रमते त्यात गुणही बरे पडतात; शिवाय पुढे वैद्यकाचा विचार सोडला तर हातात एक अर्थपूर्ण पदवी उरते.

एमकॅटची वेगळी तयारी पहिल्या दोन वर्षांत करू नये. साडेसात तासांचा हा दिवस चार भागांत आणि २३० प्रश्नांत विभागलेला असतो, गुणांकन ४७२ ते ५२८ असते, आणि त्यासाठीचा खास अभ्यास परीक्षेपूर्वीच्या तीन-चार ते सहा महिन्यांत होतो. दुसऱ्या वर्षीच महागडे क्लास लावण्यात पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात. अपवाद एका भागाचा आहे. ‘कार्स’ या भागात मानव्यविद्या व समाजशास्त्रातील नऊ उतारे असतात, ९० मिनिटांत ५३ प्रश्न असतात, आणि उताऱ्याबाहेरच्या कोणत्याही माहितीची गरज नसते. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि त्याचा सूर कोणता, हे ओळखण्याची ताकद शेवटच्या तीन महिन्यांत येत नाही. विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवणारी मुले नेमकी येथे अडतात. रोज अर्धा तास गंभीर गद्य वाचण्याची सवय पहिल्या वर्षी लागली, तर तिसऱ्या वर्षी तिचे फळ मिळते.

यानंतरचा भाग गुणांचा नाही, पण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आजारी माणसांच्या सहवासात आयुष्य काढायला आपल्याला आवडेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पहिल्या दोन वर्षांत शोधायचे असते. त्यासाठी दोन प्रकारचे अनुभव लागतात आणि त्यांत गल्लत होते. डॉक्टरांच्या मागे उभे राहून त्यांचे काम नुसते पाहणे म्हणजे ‘शॅडोइंग’. त्यातून डॉक्टरचा दिवस कसा असतो, त्यातला किती वेळ संगणकासमोर आणि किती रुग्णासमोर जातो, हे कळते. दुसरा अनुभव स्वतः काही काम करण्याचा: रुग्णवाहिकेवरील ‘ईएमटी’चे प्रशिक्षण घेऊन पाळीला जाणे, इमर्जन्सी विभागात डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेणारा ‘स्क्राइब’ होणे, नर्सिंग होममध्ये सहायक म्हणून वृद्धांना उठवणे-बसवणे-भरवणे, किंवा मरणासन्न रुग्णांच्या हॉस्पिस केंद्रात त्यांच्याजवळ बसून राहणे. अशा कामात उलटी पुसावी लागते, चिडलेल्या नातेवाइकाचे ऐकून घ्यावे लागते, आणि उपचार संपल्यानंतरही माणूस उरतो हे दिसते. आठवड्याला तीन-चार तास, पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी, हे एका उन्हाळ्यात उरकलेल्या दोनशे तासांपेक्षा मोलाचे आहे. एएमकॅसच्या अर्जात अशा अनुभवांना जास्तीत जास्त पंधरा जागा असतात आणि त्यांतील फक्त तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून विस्ताराने लिहिता येतात. पंधराही भरल्याच पाहिजेत, असा नियम नाही. दहा क्लबांचे नाममात्र सदस्यत्व त्या अर्जात पोकळच दिसते.

याच ठिकाणी मराठी कुटुंबांना एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात भारतात आलेली मुले मामाच्या किंवा आत्याच्या हॉस्पिटलात ‘अनुभवासाठी’ जातात. तेथे बसून पाहणे, ऐकणे, मराठीत रुग्णांशी बोलणे यातून फार शिकता येते, आणि तालुक्याच्या ठिकाणची ओपीडी पाहिलेली मुलगी आरोग्यसेवेचा विचार निराळ्या डोळ्यांनी करू लागते. परंतु प्रेमापोटी कोणी तिच्या हाती इंजेक्शन दिले, टाके घालू दिले, तर ते रुग्णावर अन्याय करणारे आहे, कारण तिला त्याचे प्रशिक्षण नाही आणि त्या रुग्णाने बहुधा समजून-उमजून संमतीही दिलेली नसते. अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, परदेशात असे काम करण्याविरुद्ध विद्यार्थ्यांना स्पष्ट मार्गदर्शन केले आहे; अर्जात हा प्रकार अभिमानाने लिहिला, तर तो विद्यार्थ्याच्या विवेकबुद्धीविरुद्धचा पुरावा ठरतो. त्याचप्रमाणे केवळ नातेवाइकांच्या दवाखान्यातला अनुभव पुरेसा मानला जात नाही, आणि घरच्या परिचयातील डॉक्टरांच्या शिफारसपत्राला फारसे वजन नसते.

शिफारसपत्रे लागतात ती शिकवणाऱ्या प्राध्यापकांची, साधारणपणे दोन विज्ञानाच्या आणि एक इतर विषयाच्या. तीनशे जणांच्या व्याख्यानगृहात मागच्या बाकावर बसून ‘ए’ मिळवलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत एक-दोन लहान वर्ग मुद्दाम निवडावेत. संशोधनाचा अनुभव बऱ्याच शाळांना हवासा वाटतो, पण प्रयोगशाळेत रस नसेल तर तो ओढूनताणून आणू नये. असेल तर प्राध्यापकांना त्यांचे काम वाचून, थोडक्यात आणि नेमके पत्र पाठवावे. जे जे केले त्याची तारीख, तास, जबाबदारी आणि मनात राहिलेला एखादा प्रसंग तेव्हाच वहीत टिपून ठेवावा. मात्र रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही लिहू नये, कारण रुग्णाच्या माहितीची गोपनीयता तेथे कायद्याने बांधलेली आहे.

आता व्हिसा आणि पैसा, ज्यांबद्दल घरात उशिरा बोलले जाते. आई-वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेली मुले एच-४ वर असतात आणि २१ व्या वर्षी तो आधार संपतो; तोवर ग्रीन कार्ड आले नाही तर त्यांना विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. बहुतेक मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, आणि जी घेतात त्यांतील काही पुढच्या वर्षांच्या शुल्काची तजवीज आधीच दाखवायला सांगतात. संपूर्ण बालपण अमेरिकेत गेलेल्या मुलालाही हे लागू होते, म्हणून अशा घरांनी पहिल्याच वर्षी शाळांची धोरणे तपासावीत. भारतातून बी.एस्सी. करून थेट तेथील एम.डी.साठी अर्ज करण्याचा विचार असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की बहुतेक शाळांना अमेरिकेतील किंवा कॅनडातील कॉलेजात घेतलेले विषय हवे असतात. येथून एमबीबीएस झालेल्यांचा मार्ग अगदी वेगळा, यूएसएमएलई ही वैद्यकीच्या परवान्याची परीक्षा आणि रेसिडेन्सी यांचा आहे. कोणत्या राज्याचे रहिवासी आहात यालाही मोठे महत्त्व आहे: टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये किमान ९० टक्के जागा राज्यातील रहिवाशांसाठी असतात आणि त्या राज्याची अर्जव्यवस्थाही स्वतंत्र आहे.

कर्ज घेऊन शिकलेल्या डॉक्टरांवर पदवीच्या वेळी साधारण दोन लाख डॉलरचे कर्ज असते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ ही संघीय कर्जयोजना बंद होत असून, वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठीच्या संघीय कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा येते. त्यावरचा खर्च खासगी कर्जातून किंवा घरातून भागवावा लागेल. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन स्कूलने २०१८ साली आणि अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ साली शिक्षणशुल्क माफ केले, पण तेथील मोजक्या जागांवर घराचे नियोजन उभे करता येत नाही. पहिल्या पदवीचे कॉलेज निवडतानाच नावाच्या मोहापेक्षा कमी खर्चाचे राज्य विद्यापीठ पत्करणे, हा मला बहुतेक कुटुंबांसाठी शहाणपणाचा निर्णय वाटतो. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी एएएमसी परीक्षेच्या आणि अर्जाच्या शुल्कात सवलत देते. ती मात्र एमकॅटसाठी नाव नोंदवण्याआधी मागावी लागते.

दुसरे वर्ष संपताना विद्यार्थ्याने ॲडव्हायझरसमोर श्रेणीपत्रक आणि ती वही घेऊन तासभर बसावे. जीपीए भक्कम असेल, बायोकेमिस्ट्री वेळेवर येणार असेल आणि रुग्णांजवळचे काम हवेसे वाटत असेल, तर तिसऱ्या वर्षाअखेर अर्ज करता येतो. आलेख नुकताच चढू लागला असेल तर एक वर्ष पुढे ढकलावे, म्हणजे चौथ्या वर्षाच्या श्रेणीही मोजल्या जातात. ऑस्टिओपॅथिक शाळांचा, म्हणजे डी.ओ. पदवीचा, पर्यायही यादीत ठेवावा, कारण ते डॉक्टरही अमेरिकेत पूर्ण अधिकाराने वैद्यकी करतात. आणि गुण उत्तम असूनही हॉस्पिटलातून परतताना दर वेळी मन कोमेजत असेल, तर सार्वजनिक आरोग्य, संशोधन, औषधनिर्माणशास्त्र किंवा संपूर्ण वेगळे क्षेत्र, यांचा विचार करायला पदवीची दोन वर्षे अजून शिल्लक असतात, आणि तोवर घेतलेले बहुतेक विषय तेथेही उपयोगी पडतात.